उभ्या पंख्याविरुद्ध सरावाची तक्रार

कोणतंही संरक्षण वर्षातून एकदा हलवून पाहावं, हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण आहे. आग विझवायचं लाल नळकांडं आपण भिंतीवरून काढतो, झटकतो, तारीख वाचतो आणि परत टांगतो. त्याच न्यायाने स्त्रियांना कायद्याने दिलेलं संरक्षणही अधूनमधून काढून, झटकून, परत जागच्या जागी टांगावं, असं आमच्या मुख्यालयाला वाटलं. या कल्पनेबद्दल मुख्यालयाचं करावं तितकं कौतुक थोडं आहे. ते मी पुढे करणारच आहे.

मी वजनमापे तपासणी कार्यालयात काम करते. दुकानदारांचे तराजू, वजनं, लिटरची मापं आणि मीटरच्या पट्ट्या आमच्याकडे येतात. आम्ही त्या खऱ्या आहेत का बघतो आणि ठसा मारतो. माझ्याकडे पट्ट्या आहेत. त्यामुळे दिसेल ते मोजायची मला सवय आहे, आणि मुलगी झाल्यापासून ती वाढली आहे. ती झोपली की मी तिचे श्वास मोजते. (मिनिटाला बत्तीस. बत्तीसचे तीस झाले की मी उठून बसते, चौतीस झाले तरी उठून बसते.)

कार्यालयातून माझं घर चालत आठ मिनिटांवर आहे. ही या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची मोजणी आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवते. मुलगी सात महिन्यांची. बाटली तोंडाला लावली की मान फिरवते आणि असा सूर लावते की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन सासूबाईंना विचारतात, "काय लागलं का हो हिला?" म्हणून दुपारी एकला मी घरी जायचे, तिला पाजायचे आणि दोनच्या आत परत पट्ट्यांवर. आई झालेल्या बाईला कायद्याने मधली सुट्टी जास्त मिळते. ती मला मिळाली तेव्हा साहेब म्हणाले होते, "घ्या हो मॅडम, कायदाच आहे, आम्ही काय करणार?" इतक्या मोठ्या मनाचे साहेब मी पाहिलेले नाहीत.

तर मुख्यालयाचं पत्र आलं. त्यात म्हटलं होतं की कायद्यानुसार प्रत्येक कार्यालयात स्त्रियांच्या तक्रारी ऐकणारी समिती असते. आपल्याकडे ती स्थापन झाल्यापासून तक्रारींची संख्या शून्य आहे. शून्याचे दोन अर्थ होतात. एक, सर्व महिला अत्यंत सुखी आहेत. दोन, समिती गंजली आहे. पहिला अर्थ सर्वांना मान्य आहेच, तरी दुसरा तपासून पाहावा. जसा आगीचा सराव, तसा तक्रारीचा सराव करावा आणि गुण द्यायला निरीक्षक येतील.

आगीच्या सरावाचा आम्हाला अनुभव होता. मागच्या वर्षी भोंगा वाजला, सगळे खाली उतरले, आणि ठसेवाल्या भाऊंनी उत्साहाच्या भरात जुन्या नोंदींच्या कपाटावर चार बादल्या पाणी ओतलं. आग खोटी होती, पाणी खरं होतं. तो लगदा अजून गच्चीवर वाळतो आहे. यावरून आम्ही काही शिकायला हवं होतं.

सरावाला दोन माणसं लागतात: तक्रार करणारी आणि जिच्याबद्दल तक्रार आहे ती. पहिलीची निवड सोपी होती. आमच्याकडे साहेब सोडून पुरुष अकरा आणि बायका दोन. (झाडलोट करणाऱ्या मावशी तिसऱ्या, पण त्या कार्यालय उघडायच्या आत येऊन जातात, त्यामुळे संरक्षणाच्या वेळेत सापडत नाहीत.) दोनपैकी मोठ्या बाई समितीच्या अध्यक्षा. एकतीस वर्षं नोकरी. आपण अध्यक्षा आहोत हे त्यांना समिती झाल्याच्या तिसऱ्या वर्षी जिन्यातल्या फलकावरून कळलं. उरले मी. मी तयार आहे का, हे विचारायचं राहून गेलं. पण मोठ्या कामात असं होतं.

आरोपी मिळेना. साहेबांनी अकराही पुरुषांना एकेक करून बोलावलं. एकाचं लग्न ठरायचं होतं. एकाचं झालेलं होतं. एकजण म्हणाले, "साहेब, सरावात का होईना, नाव आलं की लोक म्हणतात काहीतरी असणारच." (हेच गृहस्थ माझ्याबद्दल म्हणाले होते, "त्यांचं काय, त्यांचं नाव आलं तर काय बिघडतं?") एकाची आई आजारी होती. एकाने फारच पटकन होकार दिला, म्हणून त्यांना वगळलं. स्वतः साहेब पदामुळे अपात्र होते. शेवटी ठसेवाले भाऊ म्हणाले, "काकांना घ्या की."

काका म्हणजे आमचा उभा पंखा. चौदा वर्षांची सेवा. तराजूच्या खोलीत वारा चालत नाही, वाऱ्याने पारडं कलतं. म्हणून ते बाहेर, माझ्या टेबलाशेजारी उभे असतात आणि मुंडी फिरवत सगळ्यांना वारा घालतात. उंच, आवाज मोठा, कुणाचं ऐकत नाहीत. साहेबांनी दोन क्षण विचार केला आणि आरोपी म्हणून त्यांची नेमणूक केली. पंख्याच्या पोटाला तसा कागद चिकटवला.

मला वाटलं, सुटले. आता तक्रारीतही काहीतरी गमतीचं लिहू. पण मोठ्या बाई समोर नियमांचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा आहे. सरावाला ती माफ आहे असं कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा बाई, जे खरं असेल तेच लिही."

मग मी खरं लिहिलं. पंख्याच्या जाळीच्या डाव्या बाजूच्या पाच तारा तुटलेल्या आहेत. मुंडी फिरताना माझ्या टेबलासमोर येऊन चार सेकंद अडकते, मग पुढे जाते. मला सहावा महिना असताना माझी ओढणी त्या भगदाडातून पात्यात गेली आणि मी चाकाच्या खुर्चीसकट चौतीस सेंटिमीटर पंख्याकडे ओढली गेले. (नंतर पट्टीने मोजलं.) तेवढ्यात वीज गेली म्हणून सुटले. आमच्याकडे वीज वारंवार जाते याबद्दल लोक कुरकुर करतात. मी त्या दिवसापासून करत नाही. जाळी बदला, असं मी तीनदा सांगितलं होतं. तोंडी.

तक्रारीला आवक क्रमांक पडला. एक. ठसेवाल्या भाऊंनी तो कौतुकाने दोनदा मारला.

नियमाप्रमाणे चौकशी संपेपर्यंत आरोपीने कामावर राहू नये, म्हणून काकांची वायर काढण्यात आली. इथून सराव रंगत गेला. पहिल्या दिवशी लोक हसत होते. दुसऱ्या दिवशी घामाघूम झाले. तिसऱ्या दिवशी तराजूच्या खोलीतले दोघं बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि कुणीतरी काकांच्या खांद्यावर ओला रुमाल टाकला. चार जणांनी माझ्याशी बोलणं थांबवलं. त्यातले दोघं आधीही बोलत नव्हते, पण आता ते ठरवून बोलत नव्हते. माझ्या कानावर पडेल अशा बेताने वाक्यं येऊ लागली.

"चौदा वर्षांत एक डाग नाही हो."

"एका बाईपायी अकरा माणसं उकडतायत."

"साहेबांच्या दालनातल्या त्या दोन चिमुकल्या टेबलपंख्यांनी आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

घरी सांगितलं तर नवरा जेवता जेवता थांबला. तो तसा विचारी आहे. म्हणाला, "पण तो माणूस, म्हणजे तो पंखा, तसा चांगला आहे गं. मी तुला न्यायला आलो होतो ना एकदा, मला काय मस्त वारा घातला होता त्याने."

सासूबाई मुलीला थोपटत होत्या. त्या म्हणाल्या, "सरावाची का होईना, तक्रार करायचीच कशाला? गप्प बसली असतीस तर गप्प बसायचा सराव झाला असता. तो कुठेही कामाला येतो."

"अहो आई, मला निवडलंच होतं."

"निवडलं होतं ना? मग निवडल्यासारखं बसायचं. लिहायचं कशाला खरं?"

मी मुलीचे श्वास मोजायला घेतले. 

चौथ्या दिवशी सुनावणी झाली. निरीक्षक वही घेऊन कोपऱ्यात बसले. आरोपीला आपली बाजू मांडायचा पूर्ण हक्क असतो, म्हणून काकांना वायर लावून समितीसमोर उभं करण्यात आलं आणि बटण दाबलं. त्यांनी मुंडी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायला सुरुवात केली. मोठ्या बाईंनी आरोप वाचला. काकांनी मुंडी हलवली. परत वाचला. परत हलवली. इतिवृत्तात लिहिलं आहे: "आरोपीने एकूण सत्तेचाळीस वेळा, न डगमगता, ठाम नकार दिला." (सत्तेचाळीस बरोबर आहे. मीही मोजत होते.) सभागृहात चार दिवसांनी वारा आला होता. लोकांचे डोळे भरून आले.

मग माझी पाळी. प्रश्न विचारायचं काम ठसेवाल्या भाऊंकडे होतं. ते समितीचे सदस्य आहेत आणि एरवी मला भाजीचे भाव सांगणारे अतिशय साधे गृहस्थ आहेत.

"तुम्ही त्याच्या शेजारी का बसता?"

"माझं टेबल तिथे आहे."

"म्हणजे स्वतःहून बसता."

"टेबल हलवा म्हणून सांगितलं होतं."

"लेखी?"

"तोंडी."

"ओढणीचा रंग?"

"राखाडी."

"लिहून घ्या, तक्रारदार ओढणीचा रंग मान्य करतात. बरं ताई, एक सांगा. उन्हाळ्यात तुम्ही याच पंख्याचा वारा घेतलाय की नाही?"

"घेतलाय."

"तेव्हा बरं वाटलं?"

"वाटलं."

पूर्ण सभागृहाने सुस्कारा सोडला. निरीक्षकांनी काहीतरी लिहिलं. काकांची मुंडी माझ्यासमोर येऊन अडकली. चार सेकंद. मी खुर्ची मागे घेतली, तर भाऊ म्हणाले, "पाहा, त्याने काही केलेलं नसताना या दचकतात." आणि तेही लिहून घेतलं गेलं.

अकरापैकी नऊ जणांनी काकांच्या चारित्र्याची ग्वाही दिली. दहावे गहिवरल्यामुळे बोलू शकले नाहीत. अकरावे, ज्यांनी आरोपी व्हायला पटकन होकार दिला होता, त्यांनी ग्वाही द्यायलाही पटकन हात वर केला, म्हणून त्यांना परत वगळलं.

मधल्या सुट्टीत मी तोंड धुवायला गेले. मोठ्या बाई आरशासमोर अंबाडा नीट करत होत्या. त्यांच्या अंबाड्याचं सगळ्या कार्यालयाला कौतुक आहे. इतका घट्ट आणि इतका छोटा अंबाडा एवढ्या दाट केसांच्या बाईने कसा बांधावा, हे कोडंच. त्यांनी दार लागलंय का बघितलं आणि पिना काढल्या. मागचे केस एका बाजूला मानेपर्यंत, दुसऱ्या बाजूला कानापर्यंत.

"माझी वेणी होती," त्या म्हणाल्या. "कमरेपर्यंत. तेरा वर्षं झाली. त्या बाजूने परत नीट वाढलेच नाहीत."

"काकांनी?"

"काका कसले, एक वर्षाचा होता तेव्हा तो."

"मग तुम्ही तक्रार का नाही केलीत?"

"अगं, नवा होता. हमीत होता. साहेबांनी स्वतः जाऊन पसंत केला होता, पेढे... नाही, बिस्किटं वाटली होती सगळ्यांना. तेव्हा कसं बोलणार?" त्यांनी पिना परत खोचल्या. "आणि आता जुना झाला. आता तर काय बोलणार?"

मग त्या बाहेर जाऊन अध्यक्षेच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी निकाल वाचला. तो इतका समतोल होता की आमच्या तराजूच्या खोलीत ठेवावा. तक्रार सिद्ध झाली नाही. ती असिद्धही झाली नाही. दोन्ही बाजूंना मनस्ताप झाला. आरोपीला झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून त्याला तेलपाणी व नवा रंग देण्यात यावा. जाळीचा प्रश्न धोरणात्मक असल्याने तो मुख्यालयाकडे पाठवावा. सर्व महिला कर्मचाऱ्यांनी पंख्यापासून दोन मीटरच्या आत ओढणी, सैल बाही, मोकळे केस, बांधलेले केस आणि अनावश्यक हालचाल टाळावी. आणि तक्रारदाराच्या सुरक्षिततेचा सर्वोच्च विचार करून, तक्रारदाराला आरोपीपासून दूर, पुलापलीकडच्या शाखेत हलवण्यात यावं.

वाचताना त्यांचा आवाज एकदाच अडखळला, "बांधलेले केस" पाशी. बाकी स्वच्छ.

पुलापलीकडची शाखा म्हणजे बसने एक तास दहा मिनिटं. बस वेळेवर असली तर. दुपारी एकला निघून मुलीला पाजून परत यायचं तर मी तीन वाजून चाळीस मिनिटांनी पोहोचणार, आणि शाखा साडेतीनला माप घेणं बंद करते. हा हिशोब मी बसल्या जागी केला. मग निरीक्षकांनी भोंगा वाजवून सराव संपल्याचं जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलणं थांबवलेले ते चौघंही येऊन म्हणाले, "छान काम केलंत हो, अगदी खरं वाटलं." ठसेवाले भाऊ म्हणाले, "ताई, राग नाही ना? कोथिंबीर आज स्वस्त आहे." आम्हाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. दोन गुण तक्रारदार रडली नाही म्हणून कापले.

मी साहेबांच्या दालनात गेले.

"साहेब, सराव संपला ना?"

"उत्तम संपला! विभागात पहिले आलो आपण."

"मग माझी बदली?"

"ती सरावातलीच आहे."

"म्हणजे रद्द?"

"रद्द कशी होईल मॅडम? जावक क्रमांक पडला तिला." त्यांचा चेहरा खरोखर हळवा झाला. "असं बघा, आगीच्या सरावात आग खोटी असते. पण पाणी?"

"खरं असतं."

"मग झालं तर. आणि तुमच्याच भल्यासाठी आहे ते. तिकडे एकही पंखा नाही."

मी म्हटलं, "साहेब, मुलगी सात महिन्यांची आहे. दुपारी..."

"हो हो, ती जादा सुट्टी तिथेही मिळणार तुम्हाला," साहेब म्हणाले. "हक्क आहे तुमचा. तो कुणी काढून घेणार नाही. तुम्ही फक्त सांगा, मी स्वतः फोन करतो."

त्यांनी फोन केलाही. त्यामुळे पुलापलीकडे मला रोज दुपारी एक ते दोन पूर्ण सुट्टी असते. मी ती कायदेशीर सुट्टी बसथांब्याकडच्या खिडकीत बसून घेते. छातीला कळ आली की स्वच्छतागृहात जाते. तिथे कडी नाही, पण दार आतून पायाने धरता येतं, आणि बाहेर महिलांच्या हक्कांचा फलक आहे. तो आतून वाचता येत नसला तरी आहे याचा आधार वाटतो.

मुलगी पहिले नऊ दिवस रोज दुपारी रडली. सासूबाईंनी घड्याळ लावून मोजलं. (आमच्या घरात आता सगळेच मोजतात.) छप्पन्न मिनिटं, एकावन्न, एकोणपन्नास, शेवटी शेवटी बारा. दहाव्या दिवशी तिने बाटली घेतली. अकराव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "समजूतदार झाली गं पोर. आज एक वाजला तरी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. आता काही म्हणजे काही तक्रार नाही." मी त्या दिवशीच्या पट्ट्यांच्या नोंदवहीत, समासात, बारीक अक्षरात लिहून ठेवलं: तक्रारी, शून्य.

या सगळ्या उपक्रमाची माहिती इतरांनाही व्हावी, म्हणून मी हे लिहून काढलं आणि ओळखीच्या अकरा जणांना वाचायला दिलं. सात बायका, चार पुरुष, सगळे शिकलेले, सगळे माझ्या बाजूचे. सगळे पोट धरून हसले. नंतर नऊ जणांनी विचारलं, काकांचं पुढे काय झालं? (मजेत आहेत. निळा रंग दिलाय. साहेबांच्या दालनात असतात.) दोघींनी अगदी जवळ येऊन, हळू आवाजात विचारलं, पण तू ओढणी घालून त्याच्या शेजारी बसायचीसच कशाला?

मी तुम्हाला चौतीस सेंटिमीटर सांगितले, सत्तेचाळीस नकार सांगितले, अठ्ठ्याण्णव गुण सांगितले. वीज जाईपर्यंत ओढणी माझ्या गळ्याभोवती किती वेळ आवळलेली होती, हे या अकरा जणांपैकी कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. तुमचं लक्ष काकांकडे होतं, आणि ते साहजिक आहे, बिचारे चार दिवस बंद होते.

(एकोणीस सेकंद.)